घाटात दम सोडणारी पिकअप आणि शून्यावर झोपलेला काटा

आधी लक्षण सांगतो. तुमच्या गाडीचं दुखणं असंच असेल तरच पुढचं कामाचं.

रे रोडच्या दारुखान्यातून लोखंडी पाइप आणि अँगल भरायचे आणि नाशिकला अंबड-सातपूरच्या एमआयडीसीत उतरवायचे, हे माझं काम. आठवड्याला दोन फेऱ्या. गाडी डिझेल पिकअप, कॉमन रेल इंजिन (सगळ्या इंजेक्टरांना एकाच जाड नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल मिळतं), माल दीड टनाच्या आतबाहेर. ठाणे, भिवंडी बायपास, पडघा, शहापूर, खर्डी इथपर्यंत गाडीची काही तक्रार नाही. कसारा घाट लागला, तिसरा गिअर पडला, की दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर तिचा दम सुटतो. पेडल तळाला टेकलंय आणि आरपीएम दोन हजारांच्या पुढे सरकत नाही. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा. मागचे ट्रकवाले हॉर्नवर हात ठेवून. कडेला घ्यायची, चावी बंद करायची, दहा मिनिटं थांबायचं. मग चालू केली की अशी पळते की आपणच खोटं बोलत होतो असं वाटावं. इगतपुरी येईपर्यंत पुन्हा एकदा तोच तमाशा.

रिकामी गाडी मुंबईत कितीही फिरवा, काही होत नाही. घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडच्या ट्रॅफिकमध्ये नाही, कुठल्या फ्लायओव्हरच्या चढावर नाही. त्यामुळे गॅरेजला नेली की मेकॅनिक एक चक्कर मारून येतो आणि म्हणतो, "शेठ, गाडी तर एकदम मक्खन आहे."

स्कॅनर लावला की दर वेळी एकच कोड निघायचा, पी-००८७. इसीयूने, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरने, रेलमध्ये जेवढं प्रेशर मागितलं तेवढं झालं नाही, असा त्याचा अर्थ. का झालं नाही, ते कोड सांगत नाही. ते आपण शोधायचं. पण बहुतेक ठिकाणी शोधत नाहीत, बदलतात. माझ्या गाडीत चार महिन्यांत तीन डिझेल फिल्टर आणि एक रेल प्रेशर सेन्सर बदलून झाला. नवा फिल्टर टाकला की एक-दोन फेऱ्या बऱ्या जायच्या, म्हणून फिल्टरवरचा संशय जात नव्हता. तिसऱ्या फिल्टरनंतर मी ठरवलं, आता गेज लावल्याशिवाय एकही पार्ट विकत घ्यायचा नाही.

पहिली चूक माझीच. नागदेवी स्ट्रीटवर गेलो, तिथे गेज, व्हॉल्व्ह, फिटिंग सगळं एका गल्लीत मिळतं. दुकानदाराने विचारलं, "किती केजीचा देऊ?" मी म्हटलं, डिझेल लाइनला लावायचाय. त्याने शून्य ते दहा केजीचा (केजी म्हणजे चौरस सेंटिमीटरला किलो, प्रेशरचं माप), ग्लिसरीन भरलेला छान गेज दिला. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये टी (तीन तोंडांचा जोड) टाकून बसवला, गाडी चालू केली. काटा शून्यावर. रेस दिली, तरी शून्यावर. मेकॅनिकने लगेच निकाल दिला, "फीडच येत नाही, पंप गेला." हाय प्रेशर पंपाच्या ओव्हरहॉलचा जो आकडा त्याने सांगितला तो ऐकून मी टपरीवर जाऊन बसलो.

वाचवलं ते कुर्ल्याच्या एका पंप-नोझलवाल्या चाचांनी. आयुष्यभर डिझेल पंप खोलून हात काळे झालेले. त्यांनी गेजकडे बघितलं आणि हसले. "दादा, जो पंप शून्य प्रेशर देतो त्याच्यावर गाडी चालू कशी आहे? हा पंप ढकलणारा नाही, ओढणारा आहे. तुमचा काटा शून्याच्या खाली जायला बघतोय. खाली खिळा आहे, म्हणून थांबलाय."

या एका वाक्यासाठी हे सगळं लिहितोय.

तुमची गाडी ढकलणारी की ओढणारी

कॉमन रेलच्या गाडीत डिझेलचे दोन भाग असतात. टाकीपासून हाय प्रेशर पंपापर्यंतचा कमी प्रेशरचा, आणि पंपापासून रेल-इंजेक्टरपर्यंतचा प्रचंड प्रेशरचा. कमी प्रेशरचा भाग दोन तऱ्हांनी चालतो. काही गाड्यांत टाकीत किंवा चासीवर इलेक्ट्रिक पंप असतो, तो डिझेल पुढे ढकलतो. अशा लाइनीत खरोखरचं प्रेशर असतं, साधारण काही बार, आणि प्रेशर गेज तिथे बरोबर चालतो. दुसऱ्या तऱ्हेत टाकीत पंपच नसतो. हाय प्रेशर पंपाच्याच पोटात एक छोटा गिअर पंप असतो, तो टाकीतून, जाळीतून, पाइपमधून, फिल्टरमधून डिझेल स्वतः ओढून घेतो. म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतची सगळी लाइन व्हॅक्यूममध्ये, बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाबात.

ओळखायचं सोपं आहे. सेल न मारता चावी नुसती ऑन करा. टाकीकडून दोन-चार सेकंद घूंऽऽ असा आवाज आला तर ढकलणारी. काही आवाज नाही आणि फिल्टरच्या डोक्यावर किंवा लाइनीत हाताने दाबायचा प्रायमर, म्हणजे फुगा किंवा बटण आहे, तर बहुधा ओढणारी. 'बहुधा' म्हणतोय, कारण दोन्ही असलेल्याही गाड्या असतात. खात्री लाइन बघून करा. टाकीवरच्या फ्लँजला वायरचा मोठा कनेक्टर आहे की नुसती डिझेलच्या काट्याच्या फ्लोटची बारकी वायर आहे, तेही बघा.

ओढणारी लाइन समजून घ्यायला शहाळं पुरेसं आहे. स्ट्रॉने पाणी ओढताना तळाला मलईचा तुकडा येऊन तोंडाशी बसला, की तुम्ही जोर वाढवता. पाणी येत नाही, गाल मात्र आत जातात. जास्तच जोर लावला तर स्ट्रॉ चपटी होते. आणि तोंड काढलं की मलई आपोआप खाली पडते, पुन्हा पहिला घोट मस्त येतो. दहा मिनिटं गाडी बंद केल्यावर ती बरी का व्हायची, याचं उत्तर इथेच होतं. मला ते कळायला चार महिने लागले.

मग घ्यायचा तो गेज असा: व्हॅक्यूम गेज, शून्य ते उणे ७६० मिलिमीटर पारा (ओढ किती आहे त्याचं माप). किंवा कंपाउंड गेज, ज्याचा काटा शून्याच्या दोन्ही बाजूंना जातो, उणे १ ते दीड बारपर्यंत. मी कंपाउंड घेतला, कारण प्रायमर दाबल्यावर लाइन प्रेशर धरते का हेही त्यावर दिसतं. डायल किमान ६३ मिलिमीटरची घ्या, त्याहून लहान डायल धक्क्यांत वाचता येत नाही. एसी मेकॅनिकच्या निळ्या गेजवरही व्हॅक्यूमचा भाग असतो, पण तो इतका आखडलेला की आपल्याला हवा तो फरक त्यात दिसत नाही. शिवाय त्याच्या गेजात डिझेल भरलं तर तो पुन्हा उभा करणार नाही.

बसवताना

जागा: फिल्टरच्या पुढे, हाय प्रेशर पंपाच्या आधी. इथे आख्ख्या लाइनीचा अडथळा एकत्र मोजला जातो. आधी पाइप कापू नका, तिथे बँजो बोल्ट (मधून भोक असलेला) किंवा क्विक कपलर (दाबून सुटणारा जोड) आहे का बघा. माझ्या गाडीत रबरी होस होता, म्हणून पितळी टी टाकता आली. टीचं आतलं भोक मूळ पाइपपेक्षा बारीक नको. मूळ लाइन ८ मिलिमीटरची असेल आणि तुम्ही ६ ची टी घातली, तर मोजायला गेलात अडथळा आणि स्वतःच एक अडथळा बसवून आलात.

आता आटे. नागदेवीला मिळणारे बहुतेक गेज बीएसपी (ब्रिटिश मापाच्या) आट्यांचे असतात. ऑनलाइन मागवलेल्या ॲडॅप्टरवर अनेकदा एनपीटी (अमेरिकन माप) असतं. पाव इंची बीएसपीला इंचाला १९ आटे, एनपीटीला १८. दोन-तीन फेरे छान बसतात, मग घट्ट होतं, आपल्याला वाटतं बसलं. बसलेलं नसतं. प्रेशरच्या लाइनीत असं जॉइंट गळतं आणि दिसतं. ओढणाऱ्या लाइनीत ते गळत नाही, हवा ओढतं. बाहेरून जॉइंट कोरडं ठणठणीत, आणि सकाळी गाडी सात-आठ सेकंद सेल मारल्याशिवाय उठत नाही, कारण रात्रभरात डिझेल टाकीत परत गेलेलं असतं. गेज बसवल्यावर माझ्या गाडीला नेमका हा नवा आजार जडला. आधी एक दुखणं होतं, आता दोन झाली.

टेफ्लॉन टेप गुंडाळायचा मोह होतो. नको. त्याचे धागे सुटून पुढे जातात, आणि गेज फिल्टरच्या पुढे बसलाय हे विसरू नका. तिथून सुटलेली कुठलीही गोष्ट थेट पंपात. डिझेलला चालणारं थ्रेड सीलंट पहिले दोन आटे सोडून लावा, किंवा तांब्याचा नवा वॉशर वापरा. जुना वॉशर उलटा करून लावणं हा आपला राष्ट्रीय उद्योग आहे, पण इथे पाच-दहा रुपये वाचवू नका.

होस डिझेलचाच, आणि त्याच्या क्लिपा होस पूर्ण गोल आवळणाऱ्या. गेजपर्यंतचा लांब पाइप बारीक चालतो, त्यातून प्रवाह जात नाही. पण तो केबिनमध्ये आणू नका. डिझेल असलेला पाइप आणि काचेचा गेज ड्रायव्हरच्या गुडघ्याशी, हे कुठल्याही कारणाने नको. मी बॉनेटच्या फटीतून पाइप वर काढला, बॉनेट बंद झाल्यावर तो चेपत नाही ना ते बघितलं, आणि गेज वायपरच्या दांड्याला केबल टायने बांधला. काचेतून सरळ दिसतो. पावसात अर्थात हे जमत नाही. कायमचा मीटर डॅशवर हवा असेल तर इलेक्ट्रिक सेन्सर घ्या, वायर आत येते, डिझेल बाहेरच राहतं. मात्र तो सेन्सर व्हॅक्यूम वाचणारा आहे का हे विचारून घ्या, बाजारातले बरेचसे फक्त प्रेशरचे असतात.

एक बारीक गोष्ट. गेज टीच्या अर्धा मीटर वर असेल आणि मधला पाइप डिझेलने भरलेला असेल, तर त्या स्तंभामुळे काटा साधारण ३० मिलिमीटर जास्त व्हॅक्यूम दाखवतो. घाबरू नका, दर वेळी सारखाच बसवा म्हणजे तुलना बिघडत नाही.

आणि एक मोठी गोष्ट. जुन्या इनलाइन पंपाच्या गाड्यांवर शिकलेले हात एअर काढायला नोझलच्या पाइपचा नट चालू गाडीत ढिला करतात. कॉमन रेलवर हे कधीही करायचं नाही. नुसत्या आयडलला, म्हणजे रेस न देता, रेलमध्ये अडीचशे-तीनशे बार असतात, रेस दिल्यावर हजारांच्या पुढे. त्या फटीतून उडणारं डिझेल हातमोजा आणि कातडी भेदून आत जातं, वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते. असं झालं तर दुखत नसलं तरी थेट हॉस्पिटल, आणि डॉक्टरला 'प्रेशरचं डिझेल आत गेलंय' हे शब्द सांगायचे. आपला गेज फक्त कमी प्रेशरच्या बाजूला. वरच्या बाजूचं प्रेशर स्कॅनरवर दिसतं, तेवढं पुरे.

काटा काय सांगतो

गॅरेजात शिकवला जाणारा ओढणाऱ्या लाइनींचा ढोबळ हिशोब असा: आयडलला ८० ते १९० मिलिमीटर पारा म्हणजे ठीक. दोनशेच्या वर गेला तर फिल्टर, पाइप किंवा जाळी, कुठेतरी अडलंय. सत्तरच्या खाली असेल तर लाइन हवा ओढतेय किंवा गिअर पंप झिजलाय. तुमच्या गाडीच्या वर्कशॉप पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तो खरा.

पण आयडलच्या आकड्यावर विसंबलो असतो तर मी आजही फिल्टर बदलत बसलो असतो. माझं आयडल ११०. शेडमध्ये तीन हजारांपर्यंत रेस दिली तर १६० आणि लगेच खाली. सगळं शहाण्यासारखं. कारण शेडमध्ये आपण रेस देतो दहा सेकंद. घाटात पंप वीस मिनिटं सलग ओढतो आणि इंजिन त्यातलं बरंचसं जाळतं. जाळीवरची मलई यायला तेवढा वेळ लागतो. म्हणून गेज लावलात तर माल भरून, चढावर, तापलेल्या गाडीत वाचा. आणि स्वतः वाचू नका. घाटात नजर रस्त्यावर हवी. मी भाच्याला शेजारी बसवला आणि मोबाइलवर काटा आणि आरपीएम दोन्ही येतील असं शूटिंग करायला सांगितलं. "मामा, रील टाकू का?" हा त्याचा पहिला प्रश्न.

समृद्धीचा आमणे ते इगतपुरी टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला, आता घाट टाळून वर जाता येतं. पण गाडीची परीक्षा घ्यायला जुना कसारा घाटच बरा.

घाटाच्या पायथ्याला १३०. पहिल्या चढावर १९०. मग आरपीएम तेवढाच असूनही काटा सरकत राहिला, २५०, ३१०, आणि ३८० ला गाडीने दम सोडला. पिवळा दिवा. चावी बंद केली, काटा हळूहळू शून्याकडे आला. दहा मिनिटांनी चालू केली, आयडल पुन्हा ११०. चाचांना व्हिडिओ दाखवला, ते म्हणाले, "आता पंपाचं नाव काढू नका. एवढा ओढतोय म्हणजे तब्येतीने चांगला आहे."

हे लक्षात घ्या. व्हॅक्यूम जास्त दिसणं म्हणजे पंप कामाचा आहे आणि लाइन अडलीय. मेकॅनिकच्या हिशोबाने गेलेला पंप खरं तर इतका जोर लावत होता की डिझेलमधली विरघळलेली हवा बुडबुडे होऊन बाहेर पडत असणार, आणि बुडबुडे दाबून रेलमध्ये प्रेशर बनत नाही. त्यातून पी-००८७.

पुढची पायरी अर्धं-अर्धं करण्याची. गेज उचलून फिल्टरच्या आधी, टाकीकडच्या बाजूला लावला आणि पुढच्या फेरीला तोच घाट. तिथेही ३४०. म्हणजे एकूण ३८० पैकी फिल्टरचा वाटा फक्त ४०. तीन फिल्टरांचे पैसे डोळ्यांसमोर आले. अडथळा फिल्टरच्या मागे, टाकीच्या दिशेला. आता टाकीचं झाकण. झाकणातला किंवा टाकीचा श्वास घ्यायचा रस्ता बुजला असेल तर टाकीतच व्हॅक्यूम तयार होतो; तेव्हा काटा तास-दीड तासात हळूहळू चढतो आणि झाकण उघडल्यावर फुस्स आवाज होऊन पटकन पडतो. आम्ही घाटात थांबून, इंजिन चालू ठेवून, झाकण ढिलं केलं. आवाज नाही, काटा तसाच. झाकण निर्दोष.

राहिले पाइप आणि टाकीतली जाळी. टाकी उतरवली. जाळीवर काळा चिकट थर, बोटाने ओढला तर शेवाळासारखा. डिझेलच्या तळाला पाणी साठलं की पाणी आणि डिझेलच्या सीमेवर जिवाणू-बुरशी वाढते, त्याचा हा गाळ. मुंबईच्या दमट हवेत टाकी रात्री अर्धी रिकामी ठेवली की आतल्या भिंतींवर पाणी धरतं. माझी सवय नेमकी तीच, फेरी मिळाली की डिझेल टाकायचं. टाकी धुतली, जाळी बदलली, फिल्टर पुन्हा नवा (हा मात्र हक्काचा). घाटात सगळ्यात जास्त १४०.

परत आलं

इथे संपलं असतं तर बरं होतं. दोन महिन्यांनी, जुलैत, पुन्हा त्याच वळणावर तेच. मी मनात जाळीला शिव्या घातल्या आणि टाकी उतरवायला निघालो. भाचा म्हणाला, "आधी गेज लाव ना मामा." बरं झालं बोलला.

या वेळी काट्याची चाल वेगळी होती. ठाण्यात ९०. शहापूरला, सपाट रस्त्यावर, साधं चालवताना १७०. घाट लागायच्या आधीच २२०. चढावर ४०० पार. आणि बंद केल्यावर दहा मिनिटांत बरी नाही झाली; पाऊण तास थांबावं लागलं, बॉनेट उघडं ठेवून. मलई खाली पडायला पाऊण तास लागत नाही. हे उष्णतेवर चालणारं प्रकरण होतं.

गेज मागे नेला. चासीच्या लोखंडी पाइपच्या टोकाला फक्त ६०, आणि फिल्टरच्या तोंडाशी ३५०. मधे काय? हातभर रबरी होस. टाकी उतरवली तेव्हा जुना कडक झालेला होस काढून गॅरेजात नवा टाकला होता, दिसायला जाडजूड. काढून कापून बघितला. आत दोऱ्याचं विणकाम नाही, आणि डिझेल पिऊन आतला थर फुगून मऊ झालेला. थंड असताना गोल राहतो. इंजिनच्या बाजूची गरम हवा लागली की मऊ पडतो, ओढ लागली की चपटा. शहाळ्याची स्ट्रॉ. हाताने दाबून बघितला असता तर कुणालाही ठणठणीत वाटला असता, आणि मी जाळीच बदलत बसलो असतो.

विणकामाचा, डिझेलसाठीचा होस टाकला. तेव्हापासून घाटात १३०-१४०.

ज्यांच्या गाडीत उलटं आहे, म्हणजे काटा कमी, थरथरणारा, आणि सकाळी उशिरा चालू होते, त्यांनी हवा शोधायची. पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक पाइप लावा, इंजिन चालू करून बुडबुडे दिसतात का बघा. तो पाइप तपासणीपुरताच, डिझेलने तो पिवळा आणि कडक होतो. बुडबुडे असतील तर एकेका जॉइंटवर जाड ग्रीस लेपत जा. ज्या जॉइंटला ग्रीस लावल्यावर बुडबुडे थांबतात तो चोर. माझ्या बाबतीत चोर माझ्याच गेजची टी होती, वर सांगितलेल्या आट्यांमुळे. प्रायमरच्या पुढचे जॉइंट मात्र जास्त सोपे: फुगा कडक होईपर्यंत दाबा, तिथे प्रेशर आल्यावर डिझेल बाहेर येतं आणि गळती दिसते.

काटा व्यवस्थित, लोडवरही व्यवस्थित, आणि तरी पी-००८७ येतोय, तर कमी प्रेशरची बाजू सोडा. मग इंजेक्टरची परतीची गळती बाटल्या लावून मोजून घ्या. एका इंजेक्टरची बाटली बाकीच्यांपेक्षा फार लवकर भरली तर तिथे प्रेशर वाया जातंय. त्याच्या पुढे पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात किती डिझेल जायचं ते ठरवणारा), रेलचा प्रेशर व्हॉल्व्ह, आणि सगळ्यात शेवटी पंप. हे काम रस्त्यावर करायचं नाही, ते चाचांसारख्या माणसाकडे.

ढकलणाऱ्या, टाकीत इलेक्ट्रिक पंप असलेल्या गाडीवाल्यांसाठी दोन शब्द. तुम्ही तो शून्य ते दहा केजीचा गेजच घ्या, नागदेवीच्या दुकानदाराचं काही चुकलं नव्हतं. काटा फार फडफडत असेल तर गेजच्या मानेत स्नबर टाका, बारीक भोकाचा पितळी तुकडा असतो, त्याने काटा शांत होतो. तुमच्याकडे वाचन उलट्या अर्थाने होतं. गेज फिल्टरच्या आधी लावला आणि प्रेशर नेहमीपेक्षा वाढलेलं दिसलं तर पुढे अडलंय, फिल्टर बघा. लोडवर प्रेशर पडत गेलं तर पंप, त्याची जाळी, किंवा पंपाला पोचणारे व्होल्ट. तिसऱ्या गोष्टीकडे कुणी बघत नाही; गंजलेला रिले किंवा अर्थिंगची वायर पंपाला मारून टाकते. मल्टिमीटर लावून पंपाच्या कनेक्टरवर, पंप चालू असताना, व्होल्ट मोजा.

माझा गेज आता काढून ठेवलाय. गाडी वॉरंटीत असेल तर तुम्हीही तपासणी झाली की काढाच, लाइनीत एक जॉइंट कमी म्हणजे हवेची एक भानगड कमी. टीच्या जागी अखंड होस टाकला आणि सन व्हायझरच्या मागे मार्करने लिहून ठेवलं: आयडल ९०, शेडमध्ये तीन हजारांवर १२०, घाट १४०, खाली तारीख. गाडी ठीक असतानाचे हे आकडे जवळ असले की पुढच्या वेळी पुस्तकातल्या आकड्यांशी भांडावं लागत नाही. टाकी आता रात्री भरूनच उभी करतो आणि फिल्टरच्या बुडाचा पाण्याचा नळ दर पंधरवड्याला सोडतो. गेल्या वेळी चमचाभर पाणी निघालं. पावसाळा आहे, पुढच्या वेळी काचेच्या ग्लासात धरून बघणार आहे.